यंदाचा मे वीस तारखेला संपला

यंदा, २०२५ साली, आमच्या गावातला मे महिना वीस तारखेला संपला. कॅलेंडरावर अजून अकरा दिवस होते, मुलांच्या शाळा बंद होत्या, फणस झाडावर होते, काकीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, कोकमाची सोलं वाळत होती, आणि पाऊस आला. वळवाचा नव्हे. वळीव दुपारी ढग जमवतो, तासभर कोसळतो आणि संध्याकाळी पुन्हा लख्ख होतं. त्याची सगळ्यांना सवय असते, खरं तर वाटच असते. हा पाऊस मुक्कामाला आला. कोकण किनाऱ्यालगत कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं, ते २४ तारखेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर चढलं. त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला आणि २५ ला देवगडपर्यंत आला. एरवी केरळातच तो १ जूनच्या आसपास येतो. २६ ला मुंबईत पोचला, तेव्हा टीव्हीवर उकाड्यापासून सुटका झाल्याच्या बातम्या होत्या. आमच्या माजघरात त्या वेळी ओल्या सोलांचा आंबूस वास भरला होता आणि घरातल्या कोणालाच सुटका झाल्यासारखं वाटत नव्हतं.

मी आणि माझा मुलगा डोंबिवलीहून मालवण तालुक्यात गावी गेलो होतो. प्रवासाचं सांगण्यासारखं एवढंच, की मे महिन्यात कोकणात जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि तरीही कोणीतरी तुमच्यासाठी सरकून बसतं. आमच्या समोरच्या आजींनी रत्नागिरी गेल्यावर डबा उघडला आणि न विचारता आमच्या हातावर घावणे ठेवले. सकाळी कुडाळला उतरलो, तिथून एसटी. बायकांना अर्धं तिकीट असल्यापासून त्या गाडीत बाजारहाट करणाऱ्या बायकाच जास्त दिसतात, मला ते फार आवडतं. एकीच्या हाऱ्यात कोंबडा होता, तो माझ्या मुलाकडे कट्टा गावापर्यंत रोखून बघत होता.

घरी पोचलो तेव्हा काकी खळं सारवत होती. मान वर करून म्हणाली, "इलंस गो? आदी पाणी पी. मगे बोल."

पुढचे दिवस कसे गेले ते खरंच आठवत नाही, कारण ते एकसारखे होते आणि एकसारखे होते म्हणूनच सुखाचे होते. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा लोणच्याची फोड. विहिरीवर अंघोळ. दहाच्या आत सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जाऊन करवंदं, कारण नंतर कातळ तापतो. दुपारी मांडवाखाली रायवळ आंबे बादलीत टाकून पोरं गोल करून बसायची. हापूस पेटीत जातो, मुंबई-पुण्याला जातो. घरच्या पोरांच्या कोपरापर्यंत ओघळतो तो रायवळच, आणि माझ्या मते मे महिन्याची खरी चव त्याच्यात आहे. एक दिवस पाहुण्यांच्या आग्रहाखातर तारकर्लीला गेलो. किनाऱ्यावर गाड्या, गाड्यांत मोठ्यानं लावलेली गाणी, वाळूत प्लॅस्टिकचे ग्लास. जेवण चांगलं होतं, पण बोलायला ओरडावं लागत होतं. समुद्र बघायला तीनशे मैलांवरून यायचं आणि त्याची गाज ऐकूच येऊ द्यायची नाही, हे मला कळत नाही. मी पुन्हा मे महिन्यात तिकडे जाणार नाही.

मला सांगायचं आहे ते रतांब्यांबद्दल, म्हणजे कोकमाच्या फळांबद्दल.

आमच्या घरामागच्या परड्यात आणि खालच्या ओहोळाच्या कडेला रतांब्याची जुनी झाडं आहेत. ती कोणी लावलेली नाहीत. पक्ष्यांनी, माकडांनी, पावसाच्या पाण्यानं जिथे बी नेलं तिथे उगवली. त्यांना खत नाही, फवारणी नाही, राखण नाही. या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. सहा-सात वर्षं वाढवल्यावर पहिला फुलोरा येतो, तेव्हा कळतं की हा नर आहे आणि याला आयुष्यात फळ धरणार नाही. काकीच्या विहिरीजवळ असा एक उंच, देखणा नर उभा आहे. सासऱ्यांनी तोडायला काढला होता, सासूबाईंनी तोडू दिला नाही, असं काकी सांगते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात फळं लाल होऊन पडायला लागली की काकीचं घर बदलतं. पहाटे हारे घेऊन झाडाखाली. वेचलेली फळं धुवून खळ्यात पसरायची. दुपारचं जेवण आटोपलं की वाडीतल्या चार-पाच जणी येतात. आज काकीकडे, उद्या शेजारी, परवा वरच्या घरी. पैसे नाहीत, हिशोब मात्र सगळ्यांच्या डोक्यात पक्का. मधे रतांब्यांचा ढीग, ज्याच्या त्याच्या हाती सुरी, उजवीकडे साल टाकायचं टोपलं आणि पुढ्यात गर-बियांचं पातेलं. फळ आडवं कापायचं, अंगठ्यानं गर खाली ढकलायचा, साल टोपल्यात. दहा मिनिटांत बोटं जांभळी होतात. तासाभरानं नखांच्या कडा चुरचुरायला लागतात, कारण रस भयंकर आंबट असतो आणि शहरातून आलेल्या हातांना कुठे ना कुठे चीर असतेच. माझ्या मुलानं सुरुवातीला दर दोन फळांमागे एक खाल्लं, मग दात आंबले आणि तो निमूट कामाला लागला.

त्या बसण्यात जे बोलणं होतं ते मला वर्षभर पुरतं. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणी जमीन विकली, कोणाचा मुलगा गोव्यात कामाला लागला, यंदा दशावतार कुठल्या कंपनीचा आणायचा. मधेच सगळ्या गप्प होतात आणि नुसता सुरीचा आवाज येत राहतो. मधेच कोणीतरी काहीतरी बोलतं आणि हसून हसून एकीच्या डोळ्यात पाणी येतं, ती ते जांभळ्या मनगटानं पुसते. कोणाच्याही हातात मोबाइल नसतो, कारण या हातांनी तो धरताच येत नाही.

मग सोलांचं खरं काम सुरू होतं. गर आणि बिया यांत मीठ घालून रस सुटू द्यायचा. साली उन्हात वाळवायच्या, संध्याकाळी त्या रसात बुडवायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळवायच्या. अशी पुटं द्यायची, साल काळपट, मऊ आणि चिवट होईपर्यंत. चांगलं कडक ऊन असेल तर आठवड्याभरात होतं. थोड्या सालींचं नुसतं मीठ लावून आगळ, म्हणजे खारवलेला रस, काढायचं, ते भरणीत वर्षभर टिकतं. बियासुद्धा टाकायच्या नाहीत, त्यांचं भिरंडेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, काढायचं. पावसाळ्यात शेतात उभं राहून टाचा फुटतात तेव्हा तेच लागतं. एका फळातलं काहीही वाया जात नाही. फक्त त्याला ऊन लागतं, सलग, आणि तेही नेमकं मेच्या शेवटच्या पंधरवड्यातलं.

तेवढंच यंदा मिळालं नाही.

वीस तारखेला सकाळी आभाळ भरून आलं तेव्हा काकीनं सोलं आत घेतली, दुपारी उघडेल म्हणून. उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मांडवाची चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, गळायला लागली. मांडव मिरगाच्या, म्हणजे मृग नक्षत्राच्या, तोंडावर उतरवायचा असतो, तो आम्ही भर पावसात भिजत उतरवला. वीज गेली ती तीन-चार रात्री आलीच नाही. माजघरात दोऱ्या बांधल्या, बांबूच्या डाळ्या अंथरल्या, चुलीच्या वर माळ्यावर सोलं पसरली. रात्रभर चूल धगधगत ठेवायची म्हटलं तर लाकडं अजून उघड्यावर होती आणि तीही भिजलेली. पावसाळ्याची लाकडं मेच्या अखेरीस मांगरात भरतात. शेणी, नारळाची सोडणं, चुडतं, कौलांचे नळे परतणं, सुकी मासळी भरणं, मिरच्या-मसाले, पापड, कुळीथ. आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, ही सगळी कामं याच दहा दिवसांत एकामागून एक लावलेली असतात. मे महिना शहरातून येणाऱ्यांना सुट्टीचा वाटतो. गावातल्या बाईसाठी तो वर्षातला सगळ्यांत धावपळीचा महिना आहे, आणि तिचे शेवटचे दहा दिवसच काढून घेतले गेले.

तिसऱ्या दिवशी सोलांवर पांढरी बुरशी दिसली. काकी प्रत्येक साल हातात घेऊन बघत होती, चांगलं वेगळं, खराब वेगळं. मी तिच्या शेजारी बसले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मिरगाच्या आदी असो पाऊस मी कधी बघूक नाय." आवाजात तक्रार नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या बाईला आपल्या अंगणातलं काहीतरी अनोळखी वाटावं, याचं मला फार वाईट वाटलं. खराब सोलांचा ढीग चांगल्यापेक्षा मोठा झाला. तिनं तो माडाच्या आळ्यात ओतला आणि हात धुवून भात टाकला.

झाडावर अजून अर्धी फळं होती. पावसात ती पडत राहिली, फुटत राहिली. ओहोळाकडे जाणारी पायवाट लाल झाली होती. त्या पायवाटेवरून चालणं मला टाळावंसं वाटत होतं.

बाकीही बरंच गेलं. दशावतार रद्द झाला. पोरं त्याच्यासाठी दुपारी झोपून घेत होती. जांभळं पाणचट झाली. फणस फुटले, आठळ्या वाळल्या नाहीत. आंब्याची साठं निम्मी झाली होती, त्यांना वास आला. मालवणला गेले तर होड्या वर ओढलेल्या. यांत्रिक होड्यांची मासेमारी कायद्यानं १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते, पण यंदा समुद्रानंच आधी बंद केली. बाजारात सुकवलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि गोलमा, म्हणजे जवळा, नेहमीपेक्षा महाग, आणि जी होती ती ओलसर. विकणाऱ्या बाईनं स्वतःच सांगितलं, "आता घेव नको, वास येतलो." अशी माणसं आहेत तोवर मी तिथलाच बाजार करीन.

आंब्याचं नुकसान झालं की त्याची चर्चा होते, बातम्या येतात. व्हायलाच हवी, बागायतदार कर्ज काढून बाग धरतो. पण रतांब्याची बाग क्वचित असते. तो परड्याच्या कडेला, बांधावर, ओहोळाशी. त्याचं उत्पन्न घरातल्या बाईच्या हातात येतं आणि तिथेच राहतं. काकी सोलं विकून दिवाळीला नातवंडांना कपडे घेते, स्वतःच्या औषधांचे पैसे वेगळे ठेवते, कोणाकडे हात पसरत नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण माडाच्या आळ्यात ओतलेल्या त्या ढिगाची नोंद कुठल्याच कागदावर होणार नाही, आणि हे मला बोचतं. म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण अमृता' नावाची जात काढली आहे. तिची फळं पावसाच्या आधी हाती लागावीत, हाच तिच्या निवडीमागचा मोठा मुद्दा आहे. शिवाय मादी झाडावरून कलम केलं की ते मादीच निघतं, नर की मादी म्हणून वर्षानुवर्षं वाट बघावी लागत नाही. हे मी काकीला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ती म्हणेल, आता या वयात कशाला. ती म्हणाली, "किती दिवसांनी धरतली?" मी म्हटलं, बियांच्या झाडापेक्षा लवकर, पण चार-पाच वर्षं तरी जातील. ती थोडा वेळ परड्याकडे बघत राहिली, मग उठून जागा दाखवायला निघाली. डोक्यावर इरलं, हातात काठी, मागून मी आणि मुलगा. एक विहिरीच्या वरच्या अंगाला, एक गोठ्यामागे, दोन जुन्या मांगराच्या जोत्यावर. नराच्या जवळ एक हवंच, तिनं बजावलं.

निघायच्या आदल्या दिवशी पाऊस थोडा थांबला होता. वाचलेल्या सोलांतली निम्मी तिनं माझ्या पिशवीत भरली. मी नको म्हणत राहिले, तिनं ऐकलं नाही. डोंबिवलीत आता मी ती मोजून वापरते. आमटीला दोन, सोलकढीला आगळ. ते कमी आहे, पण आहे. दुकानातलं कोकम घ्यावं तर घ्यावं, ते कोणाच्यातरी खळ्यातूनच आलेलं असतं. फक्त यंदा भाव वाढला म्हणून घासाघीस करू नये, असं मला मनापासून वाटतं.

कलमांची चौकशी मी कुडाळजवळच्या एका रोपवाटिकेत करून आले होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मिळतील म्हणाले. मी फोनवर काकीला सांगितलं, की पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीनं येते, चार कलमं घेऊनच घरी येईन. पलीकडून आधी पावसाचाच आवाज आला, मग तिचा. "ये तर. खड्डे मी आजच मारून घेतंय. आणि येताना मीठ घेवन ये, जाडा."