टाचेतला दोरा

मुलांना देवाधर्मात वाढवायचं हे मी थोरलीच्या बारशालाच मनाशी पक्कं केलं होतं. ते सोपं नाही हे पुढे कळलं. "मोठी झाली की त्यांचं ते ठरवतील," असं घरातलेही म्हणाले, मैत्रिणीही म्हणाल्या. मला ते कधी पटलं नाही. उद्या त्यांनी नको म्हटलं तरी माझी तक्रार नसेल, पण आपण कशाला नको म्हणतोय हे तरी त्यांना ठाऊक हवं. म्हणून रोज दिवेलागणीला दोघांना शेजारी बसवून हरिपाठ. सत्तावीस अभंग त्यांचे तोंडपाठ झाले, पण पाढे म्हणावेत तसे. गेल्या वर्षी एकदा थोरलीने मध्येच थांबून विचारलं, "आई, आपण हे कुणाला ऐकवतो?" तिला खरंच कळून घ्यायचं होतं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि रात्रभर ते मला खात राहिलं.

यंदा दोघांना वारीत न्यायचंच ठरवलं. अख्खी वारी अकरा नि आठ वर्षांच्या मुलांना झेपणार नाही, म्हणून पुणे ते सासवड. माहेरच्या गावची दिंडी माउलींच्या रथामागे चालते, तिथे भिशी, म्हणजे जेवणखाणाची वर्गणी, भरली. शाळेला दिलेल्या सुट्टीच्या अर्जात कारण 'वारी' असंच लिहिलं. आजारपणाचं निमित्त सांगून देवाच्या वाटेला लागायचं नव्हतं.

हा टप्पा ज्येष्ठ वद्य एकादशीचा. तीस किलोमीटरच्या वर चाल, त्यात दिवे घाटाची चढण आणि वर उपास. पहाटे पुण्यातून निघालो तेव्हा दोघं उत्साहात होती. धाकट्याला एका बुवांनी आपले टाळ दिले आणि पावलीचा ठेका धरून दाखवला. हडपसरला तुकोबांची पालखी लोणीच्या वाटेने जाते, माउली सासवडच्या रस्त्याला लागतात. तिथल्या गर्दीत सत्तरीचे एक वारकरी थोरलीसमोर आले, "माउली" म्हणाले आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. ती दचकून मागे सरली. आजवर मोठ्यांच्या पाया तीच पडत आलेली. मी काही बोलायच्या आत तिनेही वाकून त्यांच्या पायांवर हात ठेवले. आजोबा पुढे निघून गेले, पण बराच वेळ ती स्वतःच्या पायांकडे बघत चालत होती.

घाटाच्या पायथ्याशी, वडकीजवळ, धाकटा रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसला. डाव्या टाचेला मोठा फोड आला होता. "मला घरी जायचंय."

मी म्हटलं, "विठ्ठलाचं नाव घे, दुखायचं थांबेल."

हुंदके देत तो म्हणाला, "घेतलं. नाही थांबलं."

यावर काय बोलावं मला सुचेना. मीच त्याला खोटं सांगितलं होतं. असं विठ्ठलाने कुठे कबूल केलंय? आणि आठ वर्षांच्या मुलाने ते माझ्यावर विश्वास ठेवून करून पाहिलं होतं.

परभणीकडच्या एक आजी डोक्यावरचं तुळशीवृंदावन सांभाळत आमच्याजवळ टेकल्या. "काय झालं रं लेकरा? दुखतंय व्हय?" त्याने मान हलवली. "दुखणारच की. माझं बी दुखतंय. हे बघ." त्यांनी पाय पुढे केला. भेगाळलेल्या टाचेत फोड होता आणि त्यातून पांढरा दोरा आरपार ओवलेला, दोन्ही टोकं बाहेर लोंबत होती. धाकट्याचं रडणं थांबलं. तो वाकून ते न्याहाळत राहिला. मग आजींनी कमरेच्या पिशवीतून सुई काढली, काडी ओढून टोक तापवलं, दोरा तेलात बुडवला आणि त्याला काही कळायच्या आत फोडातून पार केला. पाणी दोऱ्यावरून ओघळून गेलं. "काढू नको बरं का. आपोआप वाळतंय." वृंदावन डोक्यावर घेऊन त्या गर्दीत मिसळूनही गेल्या. मला नाव विचारायचंही राहून गेलं.

पहिलं वळण तो लंगडत चढला. पुढे दिंडीतल्या पोरांनी त्याला आळीपाळीने खांद्यावर घेतलं. घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. पुढे बैलांचा जोर, मागे टाळांचा गजर. तेवढ्यात वरून तो ओरडला, "ताई, मागे बघ!" आम्ही वळलो. खालच्या प्रत्येक वळणावर भगव्या पताका होत्या, आणि त्यांचा शेवट दिसत नव्हता.

सासवडच्या तळावर समाजआरतीला दिंड्या गोल उभ्या राहिल्या. टाळमृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे दंड, वर केला आणि सगळं एकदम थांबलं, इतकं की कुठल्याशा झाडावर पक्षी ओरडला तो ऐकू आला. एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती टाळ वाजवत राहते आणि तिचं ऐकून घेतलं जातं, हे मी मुलांना सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी कुणाचीच नव्हती. सापडलेल्या वस्तू पुकारल्या, मग आरती. थोरलीने माझा हात घट्ट धरला होता, तो आरती संपेपर्यंत सोडला नाही.

सासवडला सोपानकाकांची समाधी आहे. रात्री तंबूत अंथरुणावर पडल्यावर मी चौघा भावंडांची गोष्ट सांगितली: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि धाकटी मुक्ताई. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं आणि मुलं पोरकी झाली. ज्याची आई अशी गेली, त्या ज्ञानदेवांना आज एवढं लोक माउली म्हणतात, हे सांगताना माझा आवाज फुटला. रुक्मिणीबाईंनीही लेकरांसाठी काही मनाशी धरलं असेलच की.

धाकटा केव्हाच झोपला होता. थोरली जागी होती.

"आई नव्हती, मग त्यांना देवाचं कुणी शिकवलं?"

"थोरल्या भावाने. निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचे गुरू."

ती काही बोलली नाही. उठून बसली, धाकट्याच्या पायावरचं पांघरूण हलकेच बाजूला केलं, टाचेतला दोरा जागेवर आहे ना ते बॅटरीच्या उजेडात पाहिलं, पांघरूण पुन्हा नीट घातलं आणि त्याच्याकडे तोंड करून आडवी झाली.