माझ्या वाटणीचंही पी

ठाण्यातल्या एका डायलिसिस सेंटरमध्ये मी नर्स आहे. आमचा दिवस वजनकाट्यापाशी सुरू होतो. मागच्या वेळेपासून पेशंटचं जेवढं वजन वाढलं, तेवढं पाणी अंगात साठलं, असा साधारण हिशोब. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. आमच्या बऱ्याच पेशंटना लघवी होतच नाही, किंवा नावापुरती होते. त्यामुळे पाणी, चहा, आमटी सगळं धरून दिवसाला जेमतेम एक लिटर. ऑक्टोबरच्या उकाड्यात ही तहान काय असते, ते त्यांनाच ठाऊक.

असाच ऑक्टोबरातला एक सोमवार. शुक्रवार ते सोमवार हे दोन डायलिसिसमधलं अंतर सगळ्यात लांब, त्यात आदल्या दिवशी आगेरा झालेला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन लोक, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे ख्रिस्ती, भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद मागतात. आमचे एक पेशंट काका मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चला जाऊन आले होते. त्यांची शेतजमीन कधीच इमारतींखाली गेली, तरी एक लोंबी खिशात घालून मला दाखवायला आणली होती. वजन बेतानंच वाढलेलं. "गोड दोनच चमचे खाल्लं, बाय," म्हणाले.

हेच काका पूर्वी रात्री चोरून तांब्याभर पाणी प्यायचे आणि सकाळी धापा टाकत यायचे. आमच्यावर ओरडायचे, देवावरही. बायबलमधल्या प्रेषित पौलाने कैदेत असताना फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलं, की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. ते शिकणं किती सावकाश होतं, हे मी काकांकडे पाहूनच समजले.

त्या दिवशी मशीन लागल्यावर दाराशी एक मुलगा आला. पूर्वी काकांच्या शेजारच्याच बेडवर असायचा. आईने त्याला किडनी दिली होती. प्रत्यारोपणानंतरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून तोंडाला मास्क लावून तो उंबऱ्यातच थांबला. आम्हा सगळ्यांचे आभार मानायला आला होता.

काकांच्या फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या, हातात दोन सुया होत्या. दुसरा हात वर करून त्यांनी विचारलं, "काय रे, लघवी किती होते?"

"दोन लिटरच्या वर, काका."

"देवाची स्तुती असो! आणि पाणी?"

मुलगा गप्प झाला. मग खाली बघत म्हणाला, "डॉक्टर सांगतात, दिवसाला तीन लिटर प्या."

सगळे बेड ऐकत होते. मला वाटलं, हा आता आला नसता तर बरं झालं असतं. काका मात्र मोठ्यानं हसले. "मग पी की! माझ्या वाटणीचंही पी."

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशूकडून दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच आभार मानायला परत येतो. आमच्या नगरच्या चर्चमध्ये लहानपणापासून ही गोष्ट ऐकली, आणि उपदेश नेहमी त्या नऊ जणांवर. पण त्या दहांखेरीज आणखीही कुष्ठरोगी त्या मुलखात असतील. ते बरे झाले नाहीत. परत आलेल्याला पाहून त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. बरं झालेल्यानं उपकार मानावेत, हे मला कळतं. अजून बरा न झालेला माणूस दुसऱ्याच्या वाट्याला आलेल्या कृपेवर इतका मनापासून खूश होतो, ही उपकारस्तुती मला जास्त मोठी वाटते. घरी जेवायला बसल्यावर प्रार्थनेत मी त्या मुलाचं आणि त्याच्या आईचं नाव घेतलं, आणि मग काकांचं.

काकांनी इच्छा सोडलेली नाही, हेही सांगायला हवं. काकू मधुमेही, त्यांची किडनी घेता येत नाही. मेंदूमृत दात्याकडून मिळणाऱ्या किडनीसाठी काकांचं नाव मुंबईच्या प्रतीक्षायादीत आहे. चार तासांनी सुया काढल्या, पट्टी बांधली, पुन्हा वजन केलं. चप्पल घालता घालता त्यांनी नेहमीचं विचारलं, "यादीत नंबर हलला का गं?"

"नाही, काका."

"बरं. बुधवारी परत विचारतो."