पांढरी बाटली, तपकिरी बाटली

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज शेजवान चटणीचा तिसरा प्रयोग. पहिला गेल्या महिन्यात. बाहेर धो-धो पाऊस, खिडक्या बंद, आणि मी तापलेल्या तेल-मिरचीत पाव वाटी व्हिनेगर एकदम ओतलं. अशी वाफ उठली की आई हॉलमधून खोकत आली. "अगं, आमसुलं संपली का घरातली?"

टोमणाच तो, पण डोक्यात राहिला. आमच्याकडे आंबट म्हणजे आमसूल, चिंच, कैरी, ताक, फार तर वरून पिळलेलं लिंबू. चिंचेचा कोळ कितीही उकळा, आंबटपणा जागचा हलत नाही. व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल मात्र वाफेबरोबर उडतं आणि जाता जाता नाकाडोळ्यांत शिरतं.

म्हणून दुसऱ्या खेपेला गॅस बंद करून घातलं. खोकला नाही, पण चटणीला नुसता बाटलीचा वास. तेव्हा पहिल्यांदा लेबल नीट वाचलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'सिंथेटिक'. म्हणजे आंबवलेलं काहीच नाही, अ‍ॅसेटिक आम्लात पाणी. इतकी वर्षं मी तेच आणतेय!

ऑफिसातल्या वसईच्या मैत्रिणीला सांगितलं तर ती हसतच सुटली. "ह्यात इंद्याल केलंस तर माझी आई ताट सरकवून उठेल." इंद्याल म्हणजे त्यांच्याकडचं व्हिनेगर घातलेलं मांसाचं कालवण. तिच्या सांगण्यावरून ग्रँट रोडला जाऊन नवसारीच्या कोलाहचं उसाचं व्हिनेगर आणलं. १८८५ पासूनचं घराणं. पारशी मंडळी ह्याला सरको म्हणतात. त्यांच्या 'सास नी मच्छी'त अंडं, साखर आणि हा सरको. रंग तपकिरी, वास थोडा काकवीकडे झुकणारा.

तर आजची चटणी. वीस ब्याडगी आणि चार लवंगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटल्या. अर्धी वाटी तेलात अख्खा गड्डा लसूण आणि बोटभर आलं, बारीक चिरून, मंद आचेवर. घाई केली की लसूण कडू होतो, हे मी दोनदा शिकले आहे. मग वाटण, तेल सुटेपर्यंत. मग आच एकदम कमी करून दोन चमचे सरको, दोन मिनिटं परतणं, मीठ, पाव चमचा साखर. गॅस बंद केल्यावर आणखी एक चमचा. आधीचे दोन मुरले, शेवटचा वरती जागा राहिला. हेच हवं होतं.

पांढरी बाटलीही अगदी वाया गेली नाही. नाशिकचा लाल कांदा उभा पातळ चिरून तिच्यात समान पाणी, मीठ, साखर घालून ठेवला. हॉटेलवाले बीट टाकतात, पण गरज नाही. कांद्याचा जांभळा रंग आम्लात आपोआप गुलाबी होतो. सरको घालून पाहिला तर रंग मळकट आला. थालीपिठावर लोणी आणि हा कांदा, वा! पिठल्यावर मात्र साफ फसला. तिथे बुक्कीने फोडलेला कच्चा कांदाच लागतो, मुकाट्याने मान्य.

उरलेल्या पांढऱ्या बाटलीचं काय करायचं ते आईने परस्पर ठरवलंय. सोसायटीत टँकरचं पाणी येतं, त्याने नळांवर क्षाराचे डाग पडलेत. बाटली आता बाथरूमच्या फळीवर आहे.