पक्षी, किल्ले आणि शुक्रवारचा ताज : भरतपूर ते ग्वाल्हेर, माझा अनुभव

'पक्षीनिरीक्षण अधिक ऐतिहासिक स्थळे' अशी जाहिरात दिसली की मला आधी शंकाच येते. बऱ्याच ठिकाणी हिशोब ठरलेला असतो. पहाट पक्ष्यांची, आणि दुपारी पक्षी सावलीला गेले की वेळ घालवायला एखादा किल्ला उरकायचा. भरतपूर, डीग, आग्रा, चंबळ आणि ग्वाल्हेर ही सहल आम्ही घेतली ती घरातला तह म्हणून. मला पाणपक्षी बघायचे होते, नवऱ्याला होळकर-शिंद्यांचा मुलूख. दुसऱ्याच्या आवडीपायी आठवडाभर तंगडतोड करायला दोघंही राजी नव्हतो.

आयोजकांनी पाठवलेला पहिला कार्यक्रम बघून नवरा हसायलाच लागला. गुरुवारी 'आग्रा : स्थानिक बाजार व संगमरवर कलादालन', शुक्रवारी सकाळी ताजमहाल. ताज शुक्रवारी बंद असतो! फोन केला तर उत्तर आलं, "बघू मॅडम, तिकडे गेल्यावर जमवून घेऊ." ताज काही जमवून उघडत नाही. मग मीच कागदावर मांडून पाठवलं : कलादालन रद्द, ताज गुरुवारी, आणि शुक्रवारी ग्वाल्हेरला जाताना वाटेत धौलपूरजवळ चंबळ. आग्रा, धौलपूर, ग्वाल्हेर एकाच हमरस्त्यावर आहेत, त्यामुळे उलट एक फेरा वाचला. दोन दिवसांनी 'सुधारित कार्यक्रम' असं शीर्षक देऊन तोच कागद सगळ्यांना गेला. असो.

महिन्याचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. नाताळच्या सुट्टीची तुकडी आधी भरते, पण डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं असं पडतं की सकाळी नऊपर्यंत समोरचं झाड दिसत नाही आणि गाड्या तासन् तास उशिरा धावतात. पक्ष्यांसाठी पहाटे उठायचं आणि कापसात बसायचं. म्हणून नोव्हेंबरची अखेर घेतली. तेव्हा स्थलांतरित बदकं येऊन पोचलेली असतात आणि रंगीत करकोच्यांची पिल्लंही अजून घरट्यात सापडतात. नोव्हेंबर जमत नसेल तर फेब्रुवारी. रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं. जाताना बोरिवलीहून गोल्डन टेंपल मेल थेट भरतपूरला सोडते, येताना ग्वाल्हेरहून पंजाब मेल. विमानाने दिल्ली आणि तिथून गाडी असाही पर्याय आहे, पण त्यात दिल्लीचा ट्रॅफिक नशिबी येतो.

सामानाबद्दल एकच सांगते. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची (आठपट जवळ दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) आणि माणशी एक. नवरा 'मला काय करायचीये' म्हणत असताना त्याला घेऊन दिलेली दुर्बीण पुढे सगळ्यात जास्त त्यानेच वापरली, बुरुज बघायला का होईना.

भरतपूरच्या केवलादेव पक्षी उद्यानात गाड्या आत नेता येत नाहीत. पायी, भाड्याच्या सायकलीवर किंवा रिक्षाने फिरायचं. आता ई-रिक्षाही आल्यात, पण सायकलरिक्षाच घ्या. आमच्यासोबत पुण्याचा एक तरुण जाणकार होता, पुस्तकी ज्ञानात पक्का. पण खरी करामत रिक्षावाल्या सरदारजींची. इथले कितीतरी रिक्षावाले पक्षी ओळखायला शिकलेले आहेत, आणि वर्षानुवर्षं तोच रस्ता तुडवल्यामुळे कोणत्या झाडावर कोण बसतं हे त्यांना पाठ आहे. सरदारजींनी एका वाळक्या खोडापाशी ब्रेक मारला. "बहनजी, सामने देखिए." मी बघतेय, बघतेय, नुसती साल दिसतेय. मग त्या सालीने एक डोळा किलकिला केला. शिंगळं घुबड! अंगावरच्या रेघासुद्धा झाडाच्या भेगांशी जुळवून बसलं होतं. आमच्या तरुणाने तिथल्या तिथे सरदारजींचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते.

पाण्यातल्या बाभळींवर रंगीत करकोच्यांची वसाहत आहे. आवाजाआधी वास येतो, सुक्या बोंबलाच्या वखारीसारखा. मग ती झाडं दिसतात : एकेका झाडावर काटक्यांची दहा-पंधरा घरटी, त्यात मळकट पांढरी पिल्लं, आणि पिवळ्या चोचीचे, शेपटीशी गुलाबी झाक असलेले आईबाप. एक मोठा करकोचा येऊन उतरला तशी पिल्लं माना खालीवर करत घशातून घरघर काढायला लागली. त्याने मान वाकवून घरट्यातच मासे ओकले आणि पिल्लांची झोंबाझोंबी सुरू झाली. एक मासा निसटून खाली पाण्यात पडला. तो खाली टपून बसलेल्या राखी बगळ्याने उचलला. हे सगळं दुर्बिणीशिवाय, रस्त्यावरून. पुढे तिरंदाज पक्षी पंख पसरून वाळवत बसलेला, चमचा पक्ष्यांची रांग, थापट्या बदकांचे थवे, वारकरी नावाचे पाणपक्षी तर मोजण्यापलीकडे. संध्याकाळी सारसाची जोडी मिळाली. माणसाएवढा उंच पक्षी गवतातून शांतपणे चालत येतो तेव्हा आमच्या गटातली बडबडी माणसंही गप्प झाली.

केवलादेवाच्या देवळाजवळ एक दगडी फलक आहे. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. भरतपूरच्या महाराजांनी ही जागा बदकांच्या शिकारीसाठी जोपासली होती. कोणत्या तारखेला कोण पाहुणा आला, किती बंदुका होत्या, किती पक्षी पडले, याची ती जमाखर्चाची वही आहे. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो आले त्या दिवशीची नोंद ४,२७३. इतका वेळ मागे रेंगाळणारा नवरा इथे दुर्बीण गळ्यात टाकून एकेक ओळ वाचत उभा राहिला. हीच जागा १९८१ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा झाली. ज्याच्यासाठी तिचं नाव जगभर झालं तो सायबेरियन क्रौंच मात्र २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर आलाच नाही. सरदारजींनी तो पाहिलेला. कुठे उभा राहायचा ते त्यांनी बोट करून दाखवलं. तिथे म्हशीएवढ्या नीलगायी चरत होत्या.

आता मुद्द्यावर येते. हे उद्यान म्हणजे नैसर्गिक सरोवर नव्हे. एका खोलगट जागेत अजान बंधाऱ्यातून पाणी सोडलं जातं. तो बंधारा अठराव्या शतकातला, भरतपूरच्या राजा सूरजमलच्या काळातला. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पावसाळी पाणी अडवायचं, आणि कालव्यांतून, दारं उघडत-मिटत आत घ्यायचं. वर करौलीकडे गंभीर नदीवर पांचना धरण झाल्यावर हे पाणी आटलं, पक्षी रोडावले. आता गोवर्धन नाल्याचं आणि चंबळचं पाणी आणून तळी भरावी लागतात. आमचा पक्षीवाला हे सांगत होता आणि नवरा मध्येच म्हणाला, "म्हणजे लॉर्ड लेकला हरवलं तीच ही मंडळी!"

दुसऱ्या दिवशी भरतपूरच्या लोहागड किल्ल्यावर त्याचा अर्थ कळला. यशवंतराव होळकर इंग्रजांशी लढत भरतपूरला आले आणि राजा रणजितसिंहाने त्यांना आसरा दिला. इंग्रज सेनापती लेकने १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा मार खाल्ला. त्याची तीन हजारांवर माणसं मारली गेली नि जखमी झाली. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या सवयीने बघायला गेलं तर हा किल्ला किल्ला वाटतच नाही. मातीचे जाडजूड ढिगारे. पण तोफेचा गोळा त्या मातीत रुतून बसायचा, आणि भोवतीच्या खंदकात तळ्याचं पाणी सोडलेलं होतं. पाणी कुठे अडवायचं आणि कधी सोडायचं हे ज्यांना कळत होतं त्यांनीच खंदक भरला आणि त्यांनीच बदकांचं तळं भरलं. आमच्या कार्यक्रमात लोहागडाला 'दुपारचा मोकळा वेळ' होता. मी म्हणेन, उद्यान बघितल्यावर लगेच लोहागड बघा, आणि दोन्हीला एकच माणूस सोबत असू द्या. आम्हाला इतिहासासाठी वेगळा वाटाड्या दिला होता, तो राजांच्या वंशावळी धडाधडा म्हणून मोकळा झाला. पाण्याचा 'प'ही नाही.

डीगला जाताना वाटेत कुम्हेर लागतं. १७५४ मध्ये कुम्हेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर तोफेचा गोळा लागून पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या, मल्हाररावांनी त्यांना अडवलं. ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली, पण जागा नकाशावर कुठे आहे हे आमच्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. जवळच्या गांगरसोली गावात खंडेरावांची छत्री, म्हणजे समाधी आहे. ती कार्यक्रमात नव्हती. नवऱ्याने ड्रायव्हरला आदल्या रात्रीच चहा पाजून ठेवला होता. चहूकडे शेतं, मोरांच्या केका, आणि एका कोनाड्यात पिंगळ्यांची जोडी मान गरागरा फिरवत आमच्याकडे बघत बसलेली. पक्षीवाले पिंगळ्यांवर खूश, आम्ही दोघं छत्रीपुढे हात जोडून. तिथे जायचं असेल तर आधी सांगून ठेवा. रस्ता अरुंद आहे, मोठी बस जात नाही.

डीगचा महाल म्हणजे सूरजमलच्या पाणीवेडाचा कळस. दोन तलावांच्या मध्ये बाग आणि शेकडो कारंजी. छतावरच्या हौदात पाणी भरायचं, भोकांची बुचं ओळीने काढत जायची, की त्या-त्या नळातून कारंजी उडणार. नळांच्या तोंडाशी रंगाच्या पुरचुंड्या ठेवल्या की पाणीही रंगीत. केशव भवनात तर उन्हाळ्यात पावसाचा भास व्हावा म्हणून छपरात दगडी गोळे ठेवले होते. पाण्याच्या जोराने ते गडगडले की ढगांचा आवाज. कारंजी वर्षातून मोजक्या दिवशी सोडतात, आम्हाला ती मिळाली नाहीत. पण गोपाळ सागरावर पाणकावळे होते आणि पाण्याला टेकलेलं गोपाळ भवन होतं. पक्षी आणि इतिहास असं वेगळं करायची गरजच उरली नाही.

फत्तेपूर सिक्री आणि आग्रा थोडक्यात आटपते, त्यावर सगळ्यांनी लिहिलंय. बुलंद दरवाज्याशी चादरी आणि धागे विकणाऱ्यांचा ससेमिरा सोसावा लागतो, दोन्ही हात खिशात ठेवून चालणं उत्तम. आग्र्याच्या किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. १२ मे १६६६ चा दरबार याच किल्ल्यात झाला. हाच किल्ला १७८५ मध्ये महादजी शिंद्यांच्या हाती आला, ही नवऱ्याची पुरवणी. ताज बघायचा तो बघाच, पण संध्याकाळी यमुनेपलीकडच्या मेहताब बागेकडूनही बघा. गर्दी कमी, आणि नदीच्या गाळात शेकाट्या लांब लाल पायांनी हिंडत असतात.

शुक्रवारची चंबळ. राष्ट्रीय चंबळ अभयारण्य राजस्थान, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश अशा तीन राज्यांत पसरलंय. धौलपूरजवळ पुलाखाली होड्या मिळतात, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय चढू देत नाहीत. चंबळ म्हटलं की डाकू आठवतात, पण त्या बीहडांनीच, म्हणजे काठच्या मातीच्या घळींनीच, नदीला वाचवलं असं म्हणायला जागा आहे. या भागात काठावर ना मोठे कारखाने ना मोठी शहरं. वाळूच्या पट्ट्यावर सुसरी पडलेल्या होत्या, त्यातल्या नराच्या नाकाडावर तो गोल घडा. नावाड्याने इंजिन बंद केलं आणि होडी आपोआप वाहत गेली. तोंड एवढं अरुंद की दातांची ओळ मोजता यावी. सुसर फक्त मासे खाते हे माहीत असूनही मी पाय आत ओढून घेतले. शेजारच्या पट्ट्यावर मगर होती, तिच्याबद्दल अशी काही खात्री नावाड्याने दिली नाही.

आणि मग पाणचिरे. याच्यासाठी मी आले होते. लाल-नारिंगी चोच, तिची खालची पात वरच्या पातीपेक्षा लांब. चार-पाच जण एका रांगेत आले, पाण्याला चिकटून, आणि खालची पात पाण्यात बुडवून सरळ रेघ ओढत निघून गेले. पुन्हा वळले, पुन्हा रेघ. कॅमेरेवाल्यांची धांदल उडाली, एकाचं बॅटरीचं झाकण नदीत गेलं. कुणीतरी वाळूवर उतरून फोटो काढू म्हणालं, नावाड्याने साफ नकार दिला. याच वाळूवर उन्हाळ्यात ते अंडी घालतात. त्याला त्यासाठी बक्षीस द्या, होडी जवळ नेण्यासाठी नको.

ग्वाल्हेरला पोचल्यावर पक्षीवाले ढेपाळले आणि आमच्या नवरोबांना चेव चढला. शिंद्यांच्या छत्र्या, फूलबागेजवळची राणी लक्ष्मीबाईंची समाधी, जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी, सगळं एका दमात. किल्ल्यावर ८७६ सालचा शून्याचा अंक कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे, ते चढावर अगदी छोटंसं आहे, गाडीतून जाताना हमखास निसटतं. गाडी थांबवायला आधीच सांगा.

शेवटच्या रात्री हॉटेलात पक्ष्यांची यादी जुळवायला बसलो. पुण्याच्या तरुणाने एकेक नाव वाचायचं, ज्याने पाहिला त्याने हात वर करायचा. नवऱ्याने जयविलासच्या झुंबरांखाली घुसलेलं कबुतर यादीत घ्यायचा आग्रह धरला. तरुण म्हणाला, "काका, पाळीव धरत नाहीत." त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी मत घेतलं, कबुतर एका मताने पडलं. ते मत माझं होतं.