वाळूतला माठ, सिरिंज आणि अखेर मोकळी झालेली फ्यूजन

शनिवारी रात्री साडेनऊला अमृत फ्यूजनमधून, म्हणजे बेंगळुरूच्या सिंगल माल्ट व्हिस्कीतून, संत्र्याची साल आली. घोट घेतल्यावर नव्हे, नुसत्या वासाला. तेही लातुरात, मे महिन्यात. एप्रिलपासून ‘व्हिस्कीचे वासच लागेनात’ ही माझी रड ऐकून घेणाऱ्यांना म्हणून हे लगेच कळवतोय.

जानेवारीत हीच बाटली उघडली तेव्हा आधी संत्रं, मग डार्क चॉकलेट आणि शेवटी शेकोटीचा धूर असा सगळा क्रम नीट लागला होता. एप्रिल लागला आणि ग्लास नाकाशी नेला की नुसतं स्पिरिट झोंबायचं. आधी मी बाटलीवर शंका घेतली. इथल्या एका दुकानातून मागे आणलेल्या बाटलीचं बूच हातात भुगा झालं होतं, कारण माल पश्चिमेच्या उन्हात काचेच्या शोकेसमध्ये उभा. तेव्हापासून मन साशंकच असतं. पण नवी उघडलेली टॅलिस्कर १० ही स्कॉच सुद्धा तशीच झोंबली, तेव्हा दोष बाटलीचा नाही हे पटलं. फळीवर थर्मामीटर ठेवला. रात्री नऊला ३७ अंश! एवढ्या उष्म्यात अल्कोहोल इतक्या वेगाने उडतं की बाकीच्या वासांना नाकापर्यंत वाटच मिळत नाही.

गंमत बघा, बेंगळुरूत पिंपातून दरवर्षी दहा-बारा टक्के माल उडून जातो, स्कॉटलंडात साधारण दोन. त्याच उकाड्याने अमृतचा माल झटपट पिकतो, आणि तोच उकाडा माझ्या ग्लासात आडवा येत होता.

उपाय बरेच झाले. बर्फाने वास मिटतो आणि पाच मिनिटांत ग्लासात पाणीच उरतं. फ्रिजमधून काढलेली बाटली इतकी गार की नाकाला काहीच सापडत नाही. ऑनलाइन मागवलेले थंड करायचे दगड अजिबात घेऊ नका. चार दगड टाकूनही दोन-तीन अंशांपलीकडे फरक नाही, शिवाय ग्लेनकेर्नच्या (व्हिस्कीचा वास घ्यायच्या खास ग्लासच्या) तळाला चरे. एसी लावावा तर संध्याकाळचं व्होल्टेज.

शेवटी माठ आठवला. आपली हवा कोरडी, त्यामुळे ओलं मडकं जोरात गार होतं. पहिल्या दिवशी बाटली थेट ओल्या वाळूत रोवली. गार झाली, पण सकाळी लेबल वाळूला चिकटून निघालं. फार जीवावर आलं. आई म्हणाली, "बाटली माठात कशाला ठेवायलास?" तिच्या ‘माठात’ या एका शब्दाने रस्ता दिसला. आता मोठ्या कुंडीत ओली वाळू, वाळूत लहान माठ, आणि माठात कोरडी बाटली, उभीच. (आडवी ठेवू नका, एवढ्या अल्कोहोलने बूच कुजतं.) वर ओलं गोणपाट. दुपारी तीनला पाणी शिंपडलं की रात्री नऊला आत २६.

तरी संत्रं आलं नाही! इथे मी चार दिवस अडकलो. फ्यूजन ५० टक्के अल्कोहोलची, पाणी घालावंच लागतं, आणि मी पिण्याच्या माठातलं पाणी घालत होतो. नव्या माठाचा मातीचा वास एरवी किती छान, पण इथे तो सगळ्यांवर चढून बसला. कुंभार म्हणाला, "चार दिवस भरून सांडा, मग वास जातोय." २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथे माठभर पाणी सांडायला माझा हात धजेना. बोअरचं बघितलं तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ९४०. त्याने ग्लासात खडूसारखी चव येते. आरओचं ४५ भरलं, तेच घेतलं.

मग मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणली, सुई काढून. ३० मिली फ्यूजनमध्ये ३.३ मिली पाणी घातलं की बरोबर ४५ टक्के होतात. ड्रॉपरच्या थेंबांवर माझा विश्वास नाही, प्रत्येक थेंब वेगळा. २०१७ साली स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवलं होतं की पाणी घातल्यावर धुराच्या वासाचं ग्वायकॉल पृष्ठभागाकडे येतं. शनिवारी मी तेच नाकाने अनुभवलं. पाणी घातलं, ग्लास तळहाताने झाकून दोन मिनिटं थांबलो, हात काढला. आधी संत्र्याची साल, मागून धूर. तसाच बसून राहिलो. घोट घ्यायला अजून दहा मिनिटं लावली.

या महिन्यात लॅफ्रोएग आणि पॉल जॉन बोल्ड या दोन धुरकट व्हिस्की शेजारी शेजारी लावून तुलना करायचं ठरवलं होतं. नांदेडच्या दादाचा वाटाही काढून ठेवलाय. पण हे लिहिता लिहिता सुचतंय की आधी फ्यूजनच्या ६० मिलीच्या तीन काचेच्या कुप्या गळ्यापर्यंत भरून बंद कराव्यात. एक आता २६ अंशांवर उघडायची, एक पावसाळ्यात हवा दमट होऊन माठ गार होईनासा झाला की, आणि एक डिसेंबरात. दादा, तुमची तुलना जूनवर गेली, रागावू नका.

आणि बाटलीच गार का करायची? ग्लास मावेल एवढ्या तोंडाची गाडगी मिळाली तर ग्लासच वाळूत बसेल, हातात घेतल्यावर लगेच तापणारही नाही. उद्या सकाळी कुंभाराकडे जातोय, ग्लेनकेर्न सोबत नेतो, मापाला.