चकमकीच्या पिस्तुलाचं किट: आधी नळी बघा, मग लाकूड

परदेशी दुकानांतल्या बऱ्याच किटमध्ये नळी खरी, बार उडवता येईल अशी असते. अशी नळी १९५९ च्या शस्त्र कायद्यात हत्यारच ठरते. जुन्या धाटणीचं, तोंडाकडून भरायचं, म्हणून सूट मिळत नाही. मागवायला आणि जोडायलाही परवाना लागतो. घरी जोडायला शोभेचंच किट घ्यावं: नळी भरीव, कानाला, म्हणजे नळीच्या बाजूला दारू पेटवायच्या जागी, भोक नाही. पुढे ती पोकळ करणं हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे.

पितळेच्या चकाकीवर जाऊ नका, दस्त्याचं लाकूड बघा. मुठीच्या वळणावर रेषा लांबीला धरून वाहायला हव्यात. तिथे त्या आडव्या कापल्या गेल्या असतील तर दस्ता पडला की तिथूनच तुटतो. अक्रोड किंवा शिसव असेल तर उत्तम. मऊ लाकडात स्क्रूची पकड लवकर जाते.

सगळ्यात जास्त वेळ चापाच्या खाचेला द्यावा, म्हणजे घोडा ज्या पट्टीवर असतो ती पट्टी लाकडात बसवायच्या खोबणीला. पट्टीच्या आतल्या बाजूला दिव्याचं काजळ लावायचं, खाचेत दाबून काढायचं आणि जिथे काळं उमटेल तेवढंच पटाशीने खरवडायचं. एका दमात खोल केलं की पट्टी आत बसते आणि घोडा लाकडाला घासतो. गेलेलं लाकूड परत येत नाही, म्हणून इथे घाई नको. पितळी स्क्रूआधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू साबण लावून फिरवून घ्या, नाहीतर पितळी डोकं तुटून अर्धा स्क्रू लाकडातच राहतो.

पॉलिश पेपर १२०, २२०, ३२० या क्रमाने. २२० नंतर ओलं फडकं फिरवा, उभे राहिलेले तंतू वाळू द्या, मग ३२०. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत पेपर, पटाशी, बेल तेल (उकळलेलं जवसाचं तेल) सगळं मिळतं. तेलाचे पाच-सहा अगदी पातळ हात, प्रत्येकानंतर एक दिवस. जाड हात चिकटच राहतो. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत तेल वाळत नाही आणि लाकूडही फुगतं, त्यामुळे खाच आणि तेल दोन्ही कामं दिवाळीनंतर काढावीत.

तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. गॅलरीत एकेक पसरून पूर्ण वाळवा, किंवा पाण्यात भिजवून ठेवा.