तुम्ही विचारलंत म्हणून: जोंगा हिरवी का नाही?

"मॅडम, मिलिटरीची जोंगा आणि रंग राखाडी? हिरवी का नाही केली?"

पेट्रोल पंपावर विचारतात, जीपवाल्यांच्या मेळाव्यात विचारतात, नात्यातल्या लग्नात नवरदेवाला मागे ठेवून विचारतात. आरटीओत गाडीच्या फिटनेसच्या रांगेत पुढच्या रिक्षावाल्यानेही विचारलं. बऱ्याच जणांच्या विचारण्यात एक सूर असतो, की एवढा पैसा घातला, एवढा जीव घातला आणि शेवटी बाईने माती केली. तो सूर मला लागतो. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

जोंगा, म्हणजे फौजेसाठी बनवलेली ती दणकट जीप, काय चीज आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. धोनीने घेतल्यापासून शाळकरी पोरांनाही नाव माहीत झालंय. तेव्हा जबलपूरचा कारखाना, निस्सानचा परवाना, १९९९ला थांबलेलं उत्पादन हे सगळं सोडून देते. सहा सिलिंडरचं ३,९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन मी काढलेलं नाही. ज्यांनी डिझेल बसवलं त्यांच्याशी माझं भांडण नाही. लिटरला चार-पाच किलोमीटर सगळ्यांना झेपत नाही.

रंगाबद्दल पहिलं उत्तर कायद्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. गाडी लिलावात विकली गेली, बाण असलेला लष्करी नंबर जाऊन आपला एमएच नंबर लागला, की तो रंगही गेला. हे सांगितलं की लगेच ऐकायला मिळतं, "कोण बघतंय हो? अमक्याची हिरवीच आहे." असेल. माझी नाही.

पण नियमामागे लपते आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर ते थोडं खरं आहे. हे उत्तर सोपं पडतं. खरं उत्तर माझ्या वडिलांपासून सुरू होतं.

अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका बटालियनमध्ये एमटीचे, म्हणजे वाहन विभागाचे, ड्रायव्हर होते. राजस्थानात आणि ईशान्येत त्यांनी जोंगा चालवली. मी गाडी घेतली ती एका खाणवाल्याकडून. लिलावातून उचलल्यावर त्याने स्वतःच्या मनाने एक भडक हिरवा हात मारलेला होता. सातारला आणताना टोलनाक्यावरच्या पोराने पैसे न घेता दांडा वर केला आणि कडक सलाम ठोकला. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? शेजारी बसलेले अण्णा म्हणाले, "गाडी बाजूला घे. पैसे देऊन ये." मी म्हटलं, अण्णा, त्यानेच सोडलं ना? ते म्हणाले, "त्याने फौजेला सोडलं. तू फौज आहेस का?" मी पैसे देऊन आले. पण मनात तेव्हा हेच होतं की अण्णा उगाच ताणतात, गाडी नीट झाली की असली लष्करी हिरवीच करायची.

मग फाळक्याचं घडलं.

मागच्या फाळक्यावर, म्हणजे गाडीच्या मागे उघडणाऱ्या पत्र्याच्या झडपेवर, तिरपा उजेड पडला की रंगाखाली एक चौकोन उठून दिसायचा. अण्णांच्या मते ती टॅक साइन होती, म्हणजे रंगीत चौकोनावर पांढऱ्या आकड्यांत लिहिलेला युनिटचा नंबर. गाडी विकताना वरून रंग मारून बुजवतात. अण्णा रोज संध्याकाळी स्टूल घेऊन बसायचे. बादलीत पाणी, हातात अगदी बारीक वॉटर पेपर. बोटाच्या पेराएवढी जागा ओली करायची, दोनदा-तीनदा गोल फिरवायचं, फडक्याने पुसायचं, बॅटरी आडवी धरून बघायचं. खाणवाल्याचा भडक हिरवा आधी गेला. त्याखाली मातकट, जड असा खरा लष्करी हिरवा. त्याच्याही खाली लालसर कड आणि एका आकड्याचा खालचा गोलवा. तीन असेल, आठ असेल. अण्णा म्हणाले, घाई नको, हा हात सुटला की खाली थेट रेडऑक्साइडचं अस्तर.

त्या आकड्याचं मोल नुसत्या हौसेचं नव्हतं. आमच्या गाडीच्या मागच्या तळाला बुजवलेली भोकं आहेत. अण्णांचं म्हणणं, तिथे १०६ मिलिमीटरच्या आरसीएल, म्हणजे मागे धक्का न देणाऱ्या, तोफेचं माउंटिंग असावं. जोंगावर ती तोफ बसवत. मला वाटायचं, रेडिओचं स्टँड असेल. युनिट कळलं असतं तर त्या युनिटचा कोणी जुना माणूस शोधता आला असता, त्याला विचारता आलं असतं.

चेसिस सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज काढायला, द्यायचा होता. गंज स्प्रिंगच्या पाट्या अडकवायच्या हँगरपर्यंत पोचला होता, दुसरा इलाज नव्हता. मी वर्कशॉपवाल्याला बजावून सांगितलं की ब्लास्टिंग फक्त चेसिसला, बॉडीच्या पत्र्याला नाही. सपाट पत्रा त्या माऱ्याने लहरतो, हे त्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागू नये. फाळक्यावर तर मी कागद चिकटवला होता, 'हात लावू नये'. तिसऱ्या दिवशी गेले तर सगळे भाग एका ओळीत, पांढरेफटक, लखलखीत. फाळकाही. मधोमध पत्रा पोटासारखा फुगलेला. वर्कशॉपवाला खुशीत म्हणाला, "ताई, तेवढा एकच भाग राहत होता, म्हटलं तोही करून टाकू. त्याचे पैसे लावत नाही."

मी त्याच्यावर ओरडले. कागद दाखवायला गेले, तर कागदही ब्लास्टिंगच्या धुळीत कुठेतरी गेला होता. मग बाहेर येऊन रडले. घरी अण्णांना सांगायचं कसं, हेच कळेना. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पत्रा सरळ करून घे, नाहीतर कडी बसायची नाही." त्या संध्याकाळी त्यांनी बादली आणि स्टूल आत नेऊन ठेवलं. पुढे त्या नंबराचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढला की उठून जायचे.

मोबाइलमध्ये फोटो आहेत. त्यात फक्त एक डाग दिसतो.

त्यानंतर मला हिरवा रंग नको झाला. तुम्ही म्हणाल, हा राग झाला, कारण नव्हे. कदाचित. पण जे गेलं ते त्या गाडीच्या अंगावर फौजेने चढवलेलं होतं. मी डब्यातून आणून मारला असता तो माझा रंग झाला असता. वर तो तिच्या नोकरीचा रंग म्हणून लोकांनी सलाम ठोकले असते, आणि या वेळी मी कोणत्या तोंडाने घेतले असते?

जुनी मी अजून वाद घालते. ती म्हणते, डॅशबोर्डच्या पाठीमागे वीतभर मूळ हिरवा शाबूत आहे, त्यावरून शेड जुळवता येईल, मग ते खोटं कसं? ती हेही म्हणते की फ्रान्समधल्या नॉर्मंडीत दर जूनमध्ये माणसं महायुद्धातल्या जीप फौजेच्या पांढऱ्या चांदणीसकट घेऊन येतात आणि त्यांना कोणी तोतया म्हणत नाही. तिच्या या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. उलट मला वाटतं, २०२१मध्ये सरकारने ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी 'व्हीए' मालिका दिली, तशीच जुन्या लष्करी गाड्यांना मूळ रंगाची सूट द्यावी. नंबरप्लेटवरच कळेल की ही आता फौजेची नाही. माझी १९८३ची जोंगा त्यात अजून बसत नाही, तरीही म्हणते.

अण्णांना हे मुळीच पटत नाही. ते पठाणकोट काढतात. जानेवारी २०१६मध्ये हल्लेखोर लष्करी पोशाखात आले होते, आणि त्यानंतर लष्करानेच लोकांना तसले कपडे घालू नका म्हणून सांगितलं. "कपड्याचं जे, तेच रंगाचं. लांबून प्लेट कोण वाचतं?" यावर मी म्हणते, चाळीस वर्षांची, लिटरला चार किलोमीटर देणारी गाडी घेऊन कोण हल्ला करायला येतं? ते म्हणतात, तू येणार नाहीस म्हणून नियम बदलत नसतात. हा वाद आमच्या घरात जेवणाच्या ताटावर होतो आणि मिटत नाही. उद्या सूट मिळाली तर मी हिरवी करीन का, हे मला आज सांगता येत नाही. मिळावी यासाठी मात्र भांडेन.

तोवर आरसीवर राखाडी आहे, गाडीही राखाडी आहे. एक मात्र तुम्ही करू शकता. तुमच्या वडिलांचा, काकांचा, मामाचा जोंगाशेजारी उभं राहून काढलेला फोटो घरात असेल, तर मागचा फाळका दिसतोय का बघा. लाल कडेचा चौकोन आणि तीन किंवा आठपासून सुरू होणारा आकडा दिसला, तर मला कळवा. अण्णांनाही दाखवीन.